एकच डॉक्युमेंट्री, पण काकांनी वेगळी बघितली आणि अण्णांनी वेगळी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरी टीव्हीला मोबाईल जोडून आम्ही सात-आठ जण एक डॉक्युमेंट्री बघत बसलो होतो. गल्लीतल्याच एका पोरानं केलेली, बेळगाव महाराष्ट्राचं का कर्नाटकाचं या सीमाप्रश्नावर, चाळीसेक मिनिटांची, सगळी मोबाईलवर शूट केलेली, आवाज मधेच फाटतोय, कॅमेरा हलतोय, पण पोरानं कष्ट घेतलेत ते दिसतंय. बघायला आमचे थोरले काका होते, ज्यांनी आयुष्यात एकही काळा दिन (१ नोव्हेंबरचा मराठी लोकांचा निषेध) चुकवलेला नाही, आणि शेजारचे अण्णा होते, घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. संपल्या संपल्या काका म्हणाले, "पोरगं फितूर झालंय, सगळं त्यांच्याच बाजूचं दाखवलंय." अण्णा म्हणाले, "अहो सगळं तुमचंच आहे की त्यात, आमचं कुठं आहे?" बनवणारा पोरगा तिथंच चहाचा कप घेऊन बसलेला, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

माझी भाची पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे, ती स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "मामा, दोघांनी एकच बघितली न्हवं?"

तेव्हा मी काहीतरी हसून टाळलं, पण प्रश्न डोक्यात राहिला, मग वाचत गेलो, आणि जे कळलं ते तिला सांगितलं तसंच इथं लिहितोय. या प्रश्नावर लोकांनी सत्तर वर्षांहून जास्त काळ डोकं घातलंय आणि आपल्या काका-अण्णांसारखी माणसं जगात सगळीकडे आहेत.

सुरुवात एका मॅचपासून होते. अमेरिकेत १९५१ च्या नोव्हेंबरात प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच झाली, म्हणजे त्यांचा तो धक्काबुक्कीचा अमेरिकन फुटबॉल. मॅच भयंकर दांडगाईची झाली, प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक फुटलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला, आणि नंतर कित्येक दिवस दोन्हीकडची पोरं आणि पेपर 'सुरुवात तुम्ही केली' म्हणून भांडत बसले. ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या मॅचची फिल्म दोन्ही कॉलेजांतल्या पोरांना दाखवली आणि सांगितलं की कुठल्या टीमनं किती वेळा नियम मोडले ते बघत बघत लिहून काढा. फिल्म तीच, रीळ तेच. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथचे सरासरी ९.८ फाऊल दिसले, डार्टमथच्या पोरांना स्वतःच्या टीमचे फक्त ४.३. निम्म्याहून कमी! आणि ही पोरं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच तेवढेच दिसले होते.

या अभ्यासातला मला सगळ्यात आवडलेला भाग आकड्यांचा नाही. डार्टमथचा एक जुना विद्यार्थी दूर दुसऱ्या गावात राहत होता, तिथल्या माजी विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून त्यानं प्रिन्स्टनकडची ती फिल्म मागवून घेतली. आधी स्वतः बघितली. आपल्या टीमनं एवढी दांडगाई केली म्हणून ऐकलं होतं आणि फिल्ममध्ये तर त्याला तसलं काही दिसेचना, तर त्यानं तार ठोकली की फिल्मचा महत्त्वाचा भाग कापलेला दिसतोय, तो तेवढा विमानाच्या टपालानं पाठवा, जोडायचं मशीन आमच्याकडे आहे. फिल्म पूर्ण होती. कापलेलं काहीच नव्हतं. हा निकाल १९५४ ला छापून आला, आणि मी तो वाचताना मला आमचे काकाच दिसत होते, कारण त्या संध्याकाळी त्यांचं पण हेच चाललं होतं, "हिंडलग्याचं कापलंय, मघाशी दाखवलंच नाही." दाखवलं होतं. तीन मिनिटं दाखवलं होतं, १ जून १९८६ चा कन्नडसक्तीविरुद्धचा मोर्चा, गोळीबार, हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक, सगळं. काकांच्या मनात ती गोष्ट तीन मिनिटांची नाहीच, त्यामुळे तीन मिनिटं त्यांच्या डोळ्यांपुढून निघून गेली.

आता कोणी म्हणेल, मग सगळा दोष बघणाऱ्याचाच का, बनवणारा सोवळाच का. नाही ना. डॉक्युमेंट्री म्हणजे सीसीटीव्ही नव्हे. कोणाला बोलतं करायचं, किती वेळ, कोणाच्या नंतर कोण, खाली अक्षरं काय द्यायची, मागं पेटी वाजवायची का ढोल, हे सगळं कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. आपल्याकडे तर हे समजावून सांगायला फार लांब जायला लागत नाही, १ नोव्हेंबरचा दिवस घ्या. १९५६ ला याच तारखेला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवशी एका रस्त्यावर काळे कपडे, काळ्या फिती, सायकल फेरी, आणि चन्नम्मा चौकाकडं लाल-पिवळे झेंडे, डीजे, कर्नाटक राज्योत्सव. समजा कॅमेरा फक्त गर्दीच्या पायांवर धरला आणि खाली तेवढीच तारीख टाकली, तर बघणारा आपापल्या घरातून जे घेऊन आलाय तेच बघणार. आणि अक्षरं टाकली 'काळा दिन' तर एक गर्दी गैरहजर झाली, 'राज्योत्सव' टाकली तर दुसरी.

सबटायटलची तर मोठीच गंमत झाली. डॉक्युमेंट्रीत एक कन्नड आजोबा म्हणतात, "ई ऊरु नम्मदु." पोरानं खाली मराठीत टाकलं, 'हे गाव आमचं आहे.' काकांनी लगेच मांडीवर थाप मारली, "बघा, बघा, आमचं म्हणतोय!" आणि अण्णा चिडले, म्हणाले की त्या माणसाचं म्हणणं तसं नाहीच, तो 'आपलं' म्हणतोय. आता दोन्ही भाषा येणाऱ्यांना हे लगेच कळेल. मराठीत आमचं आणि आपलं हे दोन वेगळे शब्द, आमचं म्हटलं की समोरचा बाहेर, आपलं म्हटलं की समोरचा आत. कन्नडमध्ये नम्मदु एकच. म्हातारा ज्या सुरात बोलला, ज्याला उद्देशून बोलला, त्यावरून ठरवायचं. पोरानं रात्री दोन वाजता एडिटिंग करताना एक शब्द टाकला आणि एका शब्दानं म्हातारा एक तर शेजारी झाला नाहीतर दावेदार झाला. पोराला विचारलं तर म्हणाला, "मला काय, पहिल्यांदा सुचला तो टाकला." मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. पण पहिल्यांदा 'आमचं'च का सुचलं, हा प्रश्न उरतोच की.

तर बनवणाऱ्याची बाजू असते हे मान्य. पण भाचीचा प्रश्न वेगळा होता. फिल्म एका बाजूला झुकलेली असेल तर दोघांनाही ती त्याच बाजूला झुकलेली दिसायला पाहिजे, एक खूश, एक नाराज. दोघेही नाराज कसे? दोघांनाही ती 'समोरच्याची' कशी वाटली?

याचं उत्तर १९८५ चं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर. १९८२ ला बैरूतमध्ये इस्रायली फौजेनं वेढलेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत मोठं हत्याकांड झालं होतं, त्यावरच्या टीव्ही बातम्यांच्या क्लिप त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या, काही इस्रायलच्या बाजूचे, काही अरबांच्या बाजूचे. इस्रायलवाले म्हणाले बातम्या इस्रायलच्या विरोधात आहेत, अरबवाले म्हणाले इस्रायलला सांभाळून घेतलंय. दोघांनी त्याच क्लिप बघितलेल्या. आणि दोघांनाही अशी भीती की हे बघून कुठल्याच बाजूचा नसलेला माणूस आपल्या विरोधात जाईल. आता पुढचं वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो, कारण दोन्ही बाजूंत ज्यांना त्या विषयाची माहिती जास्त होती, त्यांनाच पक्षपात जास्त दिसला. आपल्याला वाटतं अभ्यास केला की माणूस मधे येतो. इथं उलटं.

हे होतं कसं, तर दोन रस्ते सांगितलेत. एक म्हणजे मोजण्यातच फरक पडतो, आपल्या विरोधातलं वाक्य टोचतं आणि लक्षात राहतं, बाजूचं वाक्य 'हे तर असंच आहे' म्हणून सरकून जातं, चपलेत खडा आला तरच पाय जाणवतो तसं. दुसरा रस्ता जास्त अवघड आहे. समजा दोघांनी घड्याळ लावून मोजलं आणि मिनिटं अगदी सारखी भरली, तरी भांडण मिटत नाही, कारण सारखी मिनिटं म्हणजे न्याय हेच त्यांना मान्य नाही. काकांचं वाक्य घ्या, "गोळ्या खाल्लेल्यांना तीन मिनिटं आणि भाषण करणाऱ्याला पण तीन मिनिटं, हे सारखं झालं व्हय?" काकांच्या दृष्टीनं खरं एका बाजूला आहे, मग मधोमध उभा राहणारा म्हणजे खऱ्यापासून लांब सरकलेला. अण्णांचं पण तेच, फक्त दिशा उलटी. म्हणून जितकी फिल्म मधे, तितके दोघे नाराज. अर्थात याचा उलटा अर्थ काढू नका, की दोन्हीकडून शिव्या पडल्या म्हणजे फिल्म चांगली, टीव्हीवरचे अँकर हे वाक्य फार वापरतात, वाईट फिल्मला पण दोन्हीकडून शिव्या पडू शकतात.

आणि माहिती जास्त असली की पक्षपात जास्त का दिसतो, तर ज्याला जास्त माहिती त्याला काय काय *नाही* हे जास्त दिसतं. अण्णा म्हणाले, गोकाक चळवळ कुठं आहे, १९८२ ला राजकुमार रस्त्यावर उतरले, कन्नडला कर्नाटकात पहिली जागा मिळावी म्हणून अख्खं राज्य हललं, ते कळल्याशिवाय १९८६ कसं कळणार? मुद्दा बरोबर आहे. काका म्हणाले, १७ जानेवारी १९५६ कुठं आहे, पहिले हुतात्मे तर तेव्हा झाले, तिथून सुरू न करता मधूनच का सुरू केलं? हाही मुद्दा बरोबर. माझ्यासारख्या अर्धवट माणसाला यातलं काहीच चुकलेलं वाटलं नव्हतं, मी आपला आरामात चिवडा खात बघत होतो.

अजून एक प्रयोग आहे, त्यानं माझं पोराबद्दल वाईट वाटणं जरा थांबलं. २००४ ला गंथर आणि श्मिट या दोघांनी जनुकबदल केलेल्या अन्नावरचा एक लेख घेतला, दोन्ही बाजू मांडणारा. काहींना सांगितलं हा पेपरात छापलाय, काहींना सांगितलं हा एका विद्यार्थ्याचा निबंध आहे. मजकूर तोच. पेपरातला म्हटल्यावर दोन्ही बाजूंना तो आपल्या विरोधातला वाटला, निबंध म्हटल्यावर ती तक्रार गेली, उलट आपल्याच बाजूला थोडा झुकलाय असं वाटलं. म्हणजे राग मजकुराचा नाही, तो किती लांब पोचणार याचा. हीच चाळीस मिनिटं पोरानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी केलीय म्हणून दाखवली असती तर काकांनी पाठ थोपटली असती. पण त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की यूट्यूबवर टाकणार आहे. झालं.

इथून बंदीचा विषय सुरू होतो. १९८३ ला डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या अभ्यासकानं एक साधी गोष्ट लिहिली, की माणसाला वाटतं प्रचाराचा परिणाम माझ्यावर नाही, 'इतर' लोकांवर होतो. त्यानं उदाहरण दिलं दुसऱ्या महायुद्धातलं, इवो जिमा बेटावरचं. अमेरिकेची एक तुकडी होती, सैनिक काळे आणि अधिकारी गोरे. जपान्यांनी वरून पत्रकं टाकली की गोऱ्यांच्या लढाईत तुम्ही का मरता. दुसऱ्याच दिवशी ती तुकडी मागं घेतली. सैनिकांवर पत्रकांचा काही परिणाम झाल्याचा पुरावा नाही. परिणाम झाला तो अधिकाऱ्यांवर, सैनिकांवर परिणाम होईल या भीतीचा.

डॉक्युमेंट्रीवर बंदी मागणारा प्रत्येक माणूस हेच बोलतो, लक्ष देऊन ऐका. 'मी बघितली, मला काही झालं नाही, पण लोक भडकतील.' २०२३ च्या जानेवारीत बीबीसीनं पंतप्रधानांवर आणि २००२ च्या गुजरात दंगलीवर दोन भागांची डॉक्युमेंट्री काढली, ती भारतात दाखवलीच नव्हती, तरी सरकारनं तिला प्रचार म्हटलं आणि आयटी नियमांतले तातडीचे अधिकार वापरून यूट्यूब आणि ट्विटरवरच्या लिंक काढायला लावल्या. मग दिल्लीत जेएनयूत पोरांनी स्क्रीनिंग ठेवलं, लाईट गेली, पोरांनी मोबाईलवर बघितली. आमच्या ओळखीत त्या आठवड्यात या विषयावर कडाकडा भांडणारे किमान दहा जण होते, आणि त्यातल्या किती जणांनी ती बघितली होती, तर माझ्या हिशेबानं एकानं, त्यानं पण पहिला भाग अर्धा. बाजू कुठलीही असू दे. फिल्म न बघताच रिव्ह्यू तयार असतो कारण रिव्ह्यू फिल्मचा नसतोच.

डॉक्युमेंट्री बनवणाऱ्या आनंद पटवर्धनांचं उदाहरण मराठी माणसाला माहीत असायला पाहिजे. अणुचाचण्यांवरच्या त्यांच्या 'जंग और अमन'ला सेन्सॉरनं २१ कट सांगितले, ते कोर्टात गेले आणि २००३ ला मुंबई हायकोर्टानं एकही कट न देता दाखवायला परवानगी दिली. दुसऱ्या एका फिल्मसाठी दूरदर्शनशी भांडत ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, २००६ ला जिंकले. सार्वजनिक ठिकाणी दाखवायची तर डॉक्युमेंट्रीला पण सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, १९५२ चा कायदा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमच्या पोराला पण नव्हतं, तो गणपती मंडळाच्या स्टेजवर लावायचा विचार करत होता.

बरं, एवढं सगळं झाल्यावर मत बदलतं का कोणाचं? मायकेल मूरची २००४ ची 'फॅरनहाइट ९/११' बघा, बुश यांच्या विरोधातली, कान महोत्सवात सगळ्यात मोठं बक्षीस, एकट्या अमेरिकेत दहा कोटी डॉलरच्या वर धंदा, डॉक्युमेंट्रीला असा धंदा त्याआधी कधी झाला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात बुश परत निवडून आले. थिएटरात तिकीट काढून जाणारे बरेचसे आधीच त्या मताचे असतात, कीर्तनाला वारकरीच जास्त येतात तसंच हे.

काही वर्षं असं पण सांगत होते की खरी माहिती दाखवली तर माणूस उलटा आणखी हट्टाला पेटतो. ते तितकंसं खरं निघालं नाही. वुड आणि पोर्टर यांनी १०,१०० हून जास्त लोकांवर ५२ मुद्दे तपासले, तर बहुतेक ठिकाणी लोकांनी दुरुस्त केलेली माहिती सरळ मान्य केली. मग घोडं कुठं अडतं, तर माहिती मान्य होते, पण पक्ष हलत नाही. आमच्याकडे महाजन अहवालाचं तेच आहे. १९६६ ला सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला. अण्णा म्हणतात, महाजननी बेळगाव कर्नाटकातच ठेवायला सांगितलं. काका म्हणतात, व्हय, आणि त्याच महाजननी निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हणून सांगितलं, ते कुठं दिलात? दोन्ही खरं आहे, दोघांनाही दोन्ही माहीत आहे, तीस वर्षं झाली दोघांना एकमेकांची वाक्यं पाठ आहेत. यात नवीन माहिती घालून काय करणार! २००४ पासून तर हा सगळा विषय सुप्रीम कोर्टात आहे.

मग अशा फिल्मचा उपयोग ज्यांची बाजू ठरलेली नाही त्यांना जास्त, असं मला वाटतं. ते त्या खोलीत पण होते, फक्त बोलत नव्हते. काकू होत्या, अण्णांची सून होती, भाची होती. आरडाओरडा दोघांचाच झाला म्हणून आपण म्हणतो की 'प्रेक्षकांच्या तीव्र प्रतिक्रिया'. आठातल्या सहा जणांची प्रतिक्रिया कोणी विचारलीच नाही. अण्णांची सून जाताना काकूंना एवढंच म्हणाली की त्या खानापूरच्या बाईचं ते बसचं बघून वाईट वाटलं, एका राज्याचा पास दुसऱ्या राज्याच्या गाडीत चालत नाही म्हणून ती तासभर थांबलेली. तो सीन मी विसरूनच गेलो होतो. काका-अण्णांच्या भांडणात त्याचं नाव पण आलं नाही, कारण तो कुणाच्याच बाजूचा नव्हता.

हे सगळं मी भाचीला सांगितलं तर तिनं काय केलं, वही घेतली, मोबाईलवर घड्याळ लावलं आणि परत पहिल्यापासून बघत बसली. कोण किती मिनिटं बोललं, कुठल्या भाषेत, कोणाचं तोंड जवळून आणि कोणाचं लांबून, सगळं मांडलं. मराठी बोलणारे तेरा मिनिटं, कन्नड बोलणारे बारा, बाकी रस्ते, बस, शेतं आणि पोराचा स्वतःचा आवाज. मग संध्याकाळी कट्ट्यावर दोघांना वाचून दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून वही तपासली आणि मान हलवली, बरोबर आहे. काका पण म्हणाले, मिनिटं बरोबर हाईत. मला वाटलं आता काहीतरी होतंय.

"पण बाळ," काका म्हणाले, "मागचं म्युझिक कुणाच्या बाजूला हाय, ते मोजलंस काय?"

अण्णा लगेच म्हणाले, "अगदी बरोबर. आमचे लोक आले की तो रडका बाजा लागतो."

"तुमच्या लोकांना? आमच्या लोकांना लागतोय तो!"

काल रात्री भाचीनं तिसऱ्यांदा लावली होती. आवाज बंद करून.